नाशिकला आयकिया येईल का? रायलीचं सूत्र आणि त्यातली भोकं

मागच्या महिन्यात नाशिकला घरी गेले होते. माझ्या मामाचं फर्निचरचं दुकान आहे. दिवाण, सोफे, लाकडी पलंग, लोखंडी कपाटं, आणि लग्नसराईत संसारसेट. शेजारचा गाळा रिकामा होतोय, तो घ्यावा असं त्याच्या मनात आहे. पण त्यासाठी पाच वर्षांचा करार करावा लागणार आणि बँकेचं कर्जही काढावं लागणार. जेवताना तो म्हणाला, "काय गं, तुझी पीएचडी दुकानं आणि अंतरं यावरच चाललीय ना? मग एवढं सांग, ते आयकिया नाशिकला येणार का? येणार असेल तर मी गाळ्याच्या भानगडीत पडत नाही."

मी म्हटलं, "मामा, मॉडेल असं हो किंवा नाही सांगत नाही रे." मामी आमटी वाढता वाढता म्हणाली, "मग काय सांगतं?"

प्रश्न बरोबर होता. माझ्या विषयातली मॉडेलं नेमकं काय सांगतात आणि त्यांच्या नावावर लोक काय काय खपवतात, यात बरंच अंतर आहे. म्हणून आजचा लेख थोडा टीकेचा.

सुरुवात रायलीपासून. विल्यम रायली या अमेरिकन अभ्यासकाने १९३१ साली 'किरकोळ व्यापाराचा गुरुत्वाकर्षण नियम' मांडला. दोन शहरांच्या मधल्या गावातला ग्राहक खरेदीला कुठे जाईल? रायली म्हणतो, शहराची ओढ त्याच्या लोकसंख्येच्या सम प्रमाणात आणि अंतराच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात असते. न्यूटनचं सूत्र घेऊन वस्तुमानाच्या जागी लोकसंख्या घातली, झालं. पुढे १९४९ मध्ये पी. डी. कन्व्हर्सने त्यावरून एक सोपं रूप काढलं. दोन शहरांमध्ये असा एक बिंदू असतो जिथे दोन्हीकडची ओढ सारखी होते. त्याच्या अलीकडचे लोक अलीकडच्या शहरात जातात, पलीकडचे पलीकडच्या.

हे आपल्याकडे करून बघू. २०११ च्या जनगणनेत नाशिक शहराची लोकसंख्या साधारण १४.९ लाख, बृहन्मुंबईची १ कोटी २४ लाख. अंतर १६७ किलोमीटर धरा. लोकसंख्येचं गुणोत्तर ८.३ च्या आसपास, त्याचं वर्गमूळ २.९. त्यात १ मिळवून १६७ ला भागलं की येतात ४३ किलोमीटर. नाशिकहून मुंबईच्या दिशेने ४३ किलोमीटर म्हणजे जवळजवळ इगतपुरी! घाट जिथे सुरू होतो तिथेच. सूत्राला घाट माहीत नाही, रेल्वेला मागून इंजिन लावावं लागतं हे माहीत नाही, तरी रेष बरोबर तिथे पडली.

पुण्याकडे बघू. पुणे आणि पिंपरी-चिंचवड मिळून २०११ ला साधारण ४८.५ लाख, अंतर २१० किलोमीटर. हा बिंदू येतो नाशिकपासून ७५ किलोमीटरवर, संगमनेरच्या जरासा पुढे. संगमनेरच्या माणसाला विचारा, तो सांगेल की आमच्याकडचे निम्मे इकडे जातात, निम्मे तिकडे.

एम.एस्सी.ला असताना हे गणित पहिल्यांदा केलं तेव्हा मी अक्षरशः खुर्चीत सरळ बसले होते. एका ओळीचं सूत्र आणि दोन्ही उत्तरं अशी! नंतर कळलं की अशीच उत्तरं माणसाला फसवतात. इगतपुरीचा आकडा बरोबर यायला आणखी कारणं आहेत, आणि त्यातली कितीतरी लोकसंख्येत नाहीत. शिवाय मुंबईची लोकसंख्या पालिका-हद्दीची घेतली. ठाणे, कल्याण, नवी मुंबई धरली असती तर रेष नाशिकच्या आणखी जवळ सरकली असती आणि मी हे उदाहरण तुम्हाला इतक्या उत्साहाने दिलंच नसतं. हद्द कुठली धरायची हे ठरवणारी मीच, आणि उत्तरावर खूश होणारीही मीच.

तरी ही तक्रार लहान आहे. रायलीचा नियम असलेली बाजारपेठ दोन शहरांत कशी वाटली जाते ते सांगतो. नवीन दुकान येईल का, हा त्याचा प्रश्नच नाही. पण मध्यम शहरांबद्दलच्या चर्चेत हे सर्रास एकत्र केलं जातं: 'आपली लोकसंख्या अमुक लाखांच्या वर गेली, आता मोठे ब्रँड येतीलच.' यात दडलेली कल्पना रायलीचीही नाही, ती आहे वॉल्टर क्रिस्टालरची. या जर्मन भूगोलतज्ज्ञाने १९३३ मध्ये 'उंबरठा' आणि 'पल्ला' या दोन कल्पना मांडल्या. एखादा धंदा टिकायला किमान किती गिऱ्हाईक लागतं, तो उंबरठा. आणि त्या वस्तूसाठी गिऱ्हाईक जास्तीत जास्त किती लांब यायला तयार असतं, तो पल्ला. किराणा दुकानाचा उंबरठा लहान, पल्लाही लहान. फर्निचरचं दोन्ही मोठं.

आता भारतातलं आयकिया बघा. पहिलं दुकान ऑगस्ट २०१८ मध्ये हैदराबादला उघडलं, सुमारे ४ लाख चौरस फूट. दुसरं डिसेंबर २०२० मध्ये नवी मुंबईत तुर्भ्याला, ५ लाख ३० हजार चौरस फूट. तिसरं जून २०२२ मध्ये बेंगळुरूला नागसंद्र इथे, ४ लाख ६० हजार. हैदराबादच्या दुकानात साडेसात हजार वस्तू आणि हजार माणसं बसतील एवढं उपाहारगृह. अशा दुकानाचा उंबरठा किती असेल? बाहेरून लोकसंख्येत मोजायला गेलं तर आपण म्हणू की ५० लाखांच्या खाली विचारच नको, आणि नाशिकचा विषय तिथेच संपेल.

पण मग हापारांडाचं काय करायचं?

हापारांडा हे स्वीडनच्या अगदी उत्तरेला, फिनलंडच्या सीमेवरचं गाव. लोकसंख्या साधारण दहा हजार. नदीपलीकडे फिनलंडचं टोर्निओ, तिथे आणखी बावीसेक हजार. म्हणजे दोन्ही मिळून आपल्या सिन्नरपेक्षा लहान. तिथे नोव्हेंबर २००६ मध्ये आयकियाचं पूर्ण आकाराचं दुकान उघडलं. तिथल्या पालिकेचे प्रमुख स्वेन-एरिक बुख्त (पुढे ते स्वीडनचे मंत्रीही झाले) यांनी संस्थापक इंग्वार काम्प्राड यांच्यापर्यंत थेट पोचून पाठपुरावा केला होता. लोकसंख्येच्या जोरावर त्यांना काहीच विकता आलं नसतं. त्यांनी नकाशा विकला. उत्तर स्वीडन, उत्तर फिनलंड, नॉर्वेचा वरचा भाग, पलीकडे रशियाचं मुर्मान्स्क, आणि या सगळ्या टापूत दुसरं आयकिया नाही. गिऱ्हाईक विरळ असलं तरी पल्ला प्रचंड. आणि त्या भागातल्या लोकांना तीन-चार तास गाडी चालवायचं काही वाटत नाही.

खरं तर हे त्या कंपनीच्या रक्तातच आहे म्हणा. काम्प्राड यांचं पहिलं दुकान १९५८ साली उघडलं तेही एल्महुल्ट नावाच्या आडगावी.

म्हणजे 'मध्यम शहर मोठं दुकान खेचू शकतं का' या प्रश्नात 'मध्यम' हा शब्दच चुकीच्या जागी पडलाय. शहर किती मोठं यापेक्षा, त्या शहराभोवतीच्या पल्ल्यात तेच दुकान आधीपासून आहे का, हे जास्त महत्त्वाचं. हापारांडाभोवती नव्हतं. नाशिकपासून तीन तासांवर तुर्भे आहे.

इथे माझा खरा आवडता माणूस येतो, डेव्हिड हफ. रायली शहरांची तुलना करत होता, हफने १९६० च्या दशकात प्रश्न ग्राहकाच्या दारात आणून ठेवला. अमुक घरातला माणूस अमुक दुकानात जाण्याची शक्यता किती? दुकानाचं क्षेत्रफळ भागिले प्रवासाच्या वेळेचा काहीतरी घात, आणि सगळ्या पर्यायांच्या बेरजेत त्याचा वाटा. रायलीची रेष तुटक होती, अलीकडे सगळे आमचे, पलीकडे सगळे तुमचे. हफचं उत्तर टक्क्यांत येतं. आणि 'काहीतरी घात' हा इथे कळीचा मुद्दा. रायलीने तो २ धरला. हफने सुरुवातीच्या अभ्यासात तो प्रत्यक्ष खरेदीच्या माहितीवरून काढला. फर्निचरसाठी २.७२३, कपड्यांसाठी ३.१९१. घात जितका मोठा तितका माणूस अंतराला कंटाळतो. म्हणजे कपड्यांपेक्षा फर्निचरसाठी लोक लांब जायला जास्त तयार असतात. पटण्यासारखं आहे, पलंग काही दर दिवाळीला घेत नाही.

हा घात नाशिकच्या बाबतीत काय करतो ते बघा. समजा नाशिकच्या एका घराला दोनच पर्याय आहेत. २० मिनिटांवर स्थानिक दुकानांचा एक पट्टा, एकूण ५० हजार चौरस फूट (हा आकडा मी धरलाय, मोजलेला नाही). आणि १८० मिनिटांवर तुर्भे, ५ लाख ३० हजार चौरस फूट. घात २ ठेवला तर ते घर तुर्भ्याला जाण्याची शक्यता येते सुमारे १२ टक्के. हफचा २.७२३ ठेवला तर ३ टक्क्यांच्याही खाली. घात १ ठेवला तर ५४ टक्के! तीच दुकानं, तोच रस्ता, तेच घर. फक्त एक संख्या बदलली आणि मामा निवांत झोपू शकतो इथपासून मामाने दुकान बंद करावं इथपर्यंत सगळी उत्तरं निघाली.

आणि ती संख्या आपण कुठून आणतो? साठ वर्षांपूर्वीच्या अमेरिकेतून, जिथे प्रत्येक घराच्या दारात गाडी होती. आपल्याकडचा सल्लागार-अहवाल उघडा किंवा विद्यार्थ्यांचा प्रबंध, घात २ धरलेला असतो आणि त्याचं कारण 'साहित्यात असा संकेत आहे' एवढंच. माझ्या पहिल्या वर्षाच्या अहवालातही हेच वाक्य होतं. गाईडने लाल पेनाने त्याखाली फक्त एक प्रश्नचिन्ह काढलं होतं. त्या प्रश्नचिन्हाने माझं दीड वर्ष खाल्लं.

दुसरी भानगड रस्त्याची. समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा जून २०२५ मध्ये खुला झाला. इगतपुरीजवळ जवळपास आठ किलोमीटरचा बोगदा आहे, कसारा घाट चुकतो. नाशिकमध्ये तेव्हा सूर असा होता की आता मोठ्या कंपन्या इकडे वळतील. वरच्याच गणितात वेळ बदलून बघा. तुर्भे आधी २४० मिनिटांवर होतं असं समजू आणि घात २. शक्यता ७ टक्के. वेळ १८० झाली की १२ टक्के. म्हणजे रस्ता चांगला झाल्यावर नाशिककर तुर्भ्याला जाण्याची शक्यता वाढली, आणि तुर्भ्याच्या मालकाला नाशिकमध्ये वेगळं दुकान काढण्याचं कारण तेवढंच कमी झालं. जपानमध्ये याला 'स्ट्रॉ इफेक्ट' म्हणतात. नवीन पूल किंवा रेल्वे झाली की मोठं शहर लहान शहरातली खरेदी स्ट्रॉने ओढावी तशी ओढून घेतं. रस्ता दोन्ही दिशांनी चालतो हे भूमिपूजनाच्या भाषणात कुणी सांगत नाही.

आता ज्या पेपरमुळे मी हा विषय घेतला तो. डाउनफेल्ट, मिहाएस्कू, निल्सन आणि रुडहोल्म या स्वीडनच्या चौघांचा 'व्हॉट हॅपन्स व्हेन आयकिया कम्स टु टाउन?' हा अभ्यास 'रीजनल स्टडीज' या नियतकालिकात आला. २००० ते २०११ चा डेटा. आयकिया आलेल्या पालिका घेतल्या, आणि आधीच्या परिस्थितीत त्यांच्याशी शक्य तितक्या मिळत्याजुळत्या पण आयकिया न आलेल्या पालिका शोधून तुलना केली. निष्कर्ष असा की टिकाऊ वस्तूंची विक्री सुमारे २० टक्क्यांनी वाढली आणि त्या क्षेत्रातला रोजगार सुमारे १७ टक्क्यांनी. शेजारच्या पालिकांवर परिणाम किरकोळ, बहुतेक ठिकाणी सांख्यिकीदृष्ट्या दखल घेण्याइतकाही नाही.

पेपर चांगला आहे, हे आधी सांगते. 'दुकान आलं, शहर वाढलं, म्हणून दुकानामुळे वाढलं' या भोळ्या तर्कापेक्षा जुळ्या शहरांची तुलना कितीतरी प्रामाणिक. पण कुणी हे २० टक्के घेऊन आपल्या पालिकेत सादरीकरण करणार असेल तर तीन ठिकाणी मी हात वर करीन.

एक, जुळं शहर हे ज्या गोष्टी मोजल्या त्यांच्यापुरतंच जुळं असतं. लोकसंख्या जुळवता येते, उत्पन्न जुळवता येतं. बुख्त यांच्यासारखा हट्टी पालिकाप्रमुख जुळवता येत नाही. कंपनीने जी जागा निवडली ती कशासाठी तरी निवडली, आणि ते 'कशासाठी तरी' बरेचदा डेटाच्या रकान्यात नसतंच. त्यातून त्या अकरा-बारा वर्षांत स्वीडनमध्ये अशी नवी दुकानं उघडली तीच हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. एवढ्याशा उदाहरणांची सरासरी म्हणजे प्रत्येकाच्या नशिबाचा वाटा मोठा.

दोन, आणि मामाच्या दृष्टीने हेच सगळ्यात महत्त्वाचं. पालिका-हद्दीतली एकूण विक्री म्हटली की तीत नव्या दुकानाचा गल्लाही येणार. एकूण २० टक्क्यांनी वाढलं यातून जुन्या दुकानांचं काय झालं ते कळत नाही. जुनी दुकानंही वाढली असतील, किंवा जुनी बसली आणि नव्याने ती घट भरून वर २० दिले असतील. पालिकेला दोन्ही सारखंच दिसतं. मामाला नाही. रोजगाराचंही तसंच. १७ टक्क्यांत सुताराची गेलेली कामं कुठे दिसणार? आपल्याकडचा सुतार दुकानाच्या नोकरपटावर नसतोच. प्लाय, सनमायका, बिजागऱ्या घरमालकाने आणायच्या आणि त्याने महिनाभर हॉलमध्ये करवत चालवायची, हा धंदा कुठल्या 'टिकाऊ वस्तूंच्या किरकोळ विक्रीत' मोजणार? स्वीडिश पेपरवर हा दोष टाकणं अन्यायाचं होईल. त्यांच्या प्रश्नाला तो रकाना लागत नव्हता. आपल्याला लागतो.

तीन, पेपरचा प्रश्न आहे 'आल्यावर काय होतं'. पालिकांचा प्रश्न असतो 'यावं म्हणून काय करू'. पहिल्याचं उत्तर दुसऱ्याला लावलं की पुढची पायरी ठरलेली: जमीन स्वस्तात द्या, करात सूट द्या, २० टक्के येणारच आहेत. पण जे शहर स्वतःहून निवडलं गेलं त्याचा फायदा सवलत देऊन ओढून आणलेल्या शहरालाही तसाच मिळेल, हे कुठल्याही तक्त्यात सिद्ध झालेलं नाही. सवलतीचा खर्च तर त्या २० टक्क्यांत धरलेलाच नाही.

एवढं सगळं झाल्यावर एक गोष्ट मला स्वतःलाच उशिरा लक्षात आली. या सर्व मॉडेलांमध्ये ग्राहक दुकानाकडे जातो. दुकान ग्राहकाकडे येत नाही. आयकियाने मार्च २०२५ मध्ये दिल्ली परिसरासाठी ऑनलाइन विक्री सुरू केली तेव्हा त्याच यादीत आग्रा, प्रयागराज, अमृतसर, कानपूर, लुधियाना, वाराणसी अशी शहरं होती. म्हणजे कानपूर सोडलं तर नाशिकच्या आकाराची किंवा जरा लहान-मोठी. पुण्यातही कंपनी आधी ऑनलाइनच आली, सुरत-वडोदऱ्यातही. मध्यम शहराच्या वाट्याला निळ्या-पिवळ्या इमारतीआधी टेम्पो येतो. मग हफच्या सूत्रात वेळेच्या जागी काय घालायचं? डिलिव्हरीचा खर्च? किती दिवस थांबावं लागतं ते? की उशीवर बसून बघता येत नाही याची किंमत? मी सध्या यावरच डोकं आपटतेय.

मामाला मी शेवटी एवढंच सांगितलं की मोठं दुकान नाशिकला पाच वर्षांत येईल असं मला वाटत नाही, मुख्यतः तुर्भ्यामुळे. पण त्याच्या गाळ्याचा निर्णय त्यावर बांधू नकोस. हैदराबादला आयकियाने दोनशे रुपयांखालच्या हजार वस्तू ठेवल्या होत्या, त्यांच्याशी त्याला भांडायचंच नाहीये. त्याचं खरं गिऱ्हाईक बघ कोण आहे. निफाड, दिंडोरी, चांदवडकडून लग्नाआधी येऊन एका दिवसात पलंग, कपाट, ड्रेसिंग टेबल, गाद्या असा अख्खा संसारसेट उचलणारी माणसं, आणि द्राक्षाचे पैसे आले की उरलेली उधारी चुकती करणारी. ते गिऱ्हाईक षटकोनी पाना घेऊन स्वतः कपाट जोडत बसणार नाही, आणि आयकिया उधारीवर देणार नाही. धोका आहे तो शहरातल्या नवीन फ्लॅटवाल्यांचा. ते किती आहेत?

"किती म्हणजे?" मामा म्हणाला. "मला काय माहीत. बिलं आहेत सगळी."

मग कळलं की त्याच्याकडे टेम्पोभाड्याच्या वह्या आहेत. प्रत्येक डिलिव्हरीची तारीख, गाव, माल आणि भाडं, बारा वर्षांचं, मामीच्या अक्षरात. कुठल्या गावाहून, किती अंतरावरून, कशासाठी लोक आले ते सगळं त्यात आहे. नावं-पत्ते गाळून नुसती गावं आणि अंतरं घेतली तरी नाशिकपुरता फर्निचरचा घात त्यातून काढून बघता येईल. एकाच दुकानाचा डेटा असल्याने तो एकांगी असणारच. जे आलेच नाहीत ते वहीत नाहीत, आणि ज्यांनी स्वतःच्या पिकअपमधून माल नेला तेही नाहीत. तरी २.७२३ पेक्षा मला तो जास्त खरा वाटेल.

वह्या पोटमाळ्यावर आहेत. मामा म्हणाला, लग्नसराई संपली की ये, आत्ता कुणाला वेळ नाही. गाळ्याच्या मालकाकडून त्याने महिन्याभराची मुदत मागून घेतली आहे.